भेटायला येणारा माणूस

हैदराबादेतला कोणताही मराठी माणूस दवाखान्यात भरती झाला की आमच्या घरमालकांना बरं वाटायचं. हे वाक्य मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. आनंद होत नसे, तेवढे ते दुष्ट नव्हते. पण पेपर वाचून झालाय, चहा झालाय आणि जेवणापर्यंत करण्यासारखं काहीच नाही, अशा निवृत्त माणसाला कुणाचं तरी पित्ताशय काढताहेत हे कळल्यावर जी तरतरी येते, ती त्यांना यायची. "चला," म्हणायचे, "आपल्याला गेलंच पाहिजे." पेशंटचंही तेच मत आहे का, हे विचारायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

सगळे त्यांना मामा म्हणत. गौलीगुड्यात त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते आणि मामी, वर भाड्याने आम्ही. माझ्या नवऱ्याची पुण्याहून इकडच्या कंपनीत बदली झाली आणि मी इथल्या एका खाजगी दवाखान्यात लागले. मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. दवाखान्यात संसर्ग पसरू नये हे बघणं माझं काम. म्हणजे थोडक्यात, मोठमोठ्या सर्जनांनी हात धुवावेत म्हणून मी पगार घेऊन भांडते.

मामांचे आजोबा उदगीरकडची शेती भावांवर सोडून निजामाच्या काळात इथे आले. मामा स्वतः आबिड्सच्या एका सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झाले. त्यांची मराठी मराठवाड्याची, आग्रह करताना ती उर्दू व्हायची आणि भाजीवाल्याशी बोलून आले की अर्धा तास तेलुगू. "बाई, तुम्ही जंतूंच्या डॉक्टरीण ना?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग माणसांची कोण बघतं?"

मी त्यांच्या घरात राहते याचा उपयोग त्यांनी लगेच ओळखला. आमच्या दवाखान्याच्या फाटकावर भेटीच्या वेळेबाहेर कुणालाही सोडत नसत. मामा तिथल्या वॉचमनला शांतपणे सांगत, "डॉक्टर मॅडम मेरे घर में रहते." यात खोटं काहीच नव्हतं. वॉचमन त्यांना माझे सासरे समजला आणि सलाम करायला लागला. मी तक्रार केली, तर मामा म्हणाले, "मी कुठं सासरा म्हणालो? त्याला समजायचं ते समजला."

भेट कशी घ्यायची याचे त्यांचे नियम होते. खुर्चीवर बसणं म्हणजे परकेपणा, म्हणून ते खाटेवर, पेशंटच्या पायाशी बसत. आधी कपाळावर हात, मग सलाइन लावलेल्या हातावर थोपटणं. मग खाली वाकून लघवीची पिशवी उजेडाकडे धरून बघत आणि म्हणत, "रंग चांगलाय." हे करायला त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. मग धीर देण्याचा कार्यक्रम.

"काई घाबरायचं नक्को. आमच्या साडूला हेच झालतं."

"मग, बरे आहेत का आता?" पेशंट आशेने विचारी.

"गेले. पण ह्याच्यानं नाही गेले. ऑपरेशन एकदम फर्स्टक्लास झालं. नंतरच्या तापानं गेले."

मग त्याच खोलीतल्या संडासात जाऊन येत, मोसंबी सोलून पेशंटच्या तोंडात फोडी घालत आणि शेजारच्या वॉर्डात कुणी ओळखीचं निघतंय का ते बघायला जात. एका खाटेवरून दुसरीकडे जाताना मध्ये हात धुवावेत असं त्यांना वाटत नसे, कारण हात मळलेले दिसत नसत. हा युक्तिवाद मी त्यांच्याकडून ऐकला तेव्हा फारशी दचकले नाही. आमच्या दवाखान्यात तो परदेशी पदव्यांसकट ऐकायला मिळायचा.

आणि गोळ्या. मामांना शिंक आली की ते नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन अँटिबायोटिक घेत. ढेकर करपट आला, अँटिबायोटिक. लग्नाचं जेवण जड झालं, अँटिबायोटिक. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की बंद. उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात. त्या डब्यातून ते गल्लीभर वाटप करत, शिवाय भेटायला जाताना दोन-चार खिशात असत.

"मामा, अशा अर्धवट गोळ्या खाऊन पोटातले जंतू मरत नाहीत," मी सांगायची. "साधे बिचारे मरतात. जे गोळीला पुरून उरतात तेवढे राहतात, आणि मग सगळं आतडं त्यांचंच."

"तुमच्या पुण्यातले जंतू शिकलेले असतील, बाई. आमचे गोळी बघूनच पळतात."

मामी आतून म्हणत, "त्यांना कामून सांगताव? मी चाळीस वर्षं भाजीत वरून मीठ घालू नका म्हणते."

मामांचा जिवाभावाचा दोस्त एकच, माणिकराव. दोघं एका शाळेतले, एका कचेरीतले. माणिकराव कवडीचुंबक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या पैशाने चहा प्यालेला माणूस आबिड्समध्ये सापडत नाही, असं मामाच सांगत. त्या माणिकरावांना रक्ताचा कॅन्सर झाला. ते दुसऱ्या एका दवाखान्यात होते, आमच्या नाही. औषधांनी त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार उतरल्या. म्हणजे साधा जंतूसुद्धा अडवायला अंगात शिपाई उरला नाही.

नातेवाईक सुरुवातीला आले. मुलगा-सून कुकटपल्लीला राहत. तिथून येणं म्हणजे काय ट्रॅफिक असतो, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की ते न येता ट्रॅफिकच भेटायला येतोय असं वाटावं. सख्खा भाऊ फोनवर "काही लागलं तर सांगा" म्हणाला आणि त्यानंतर फोन उचलेनासा झाला. मामा मात्र रोज जात. शेवटपर्यंत रोज. माणिकरावांना खाटेवर बसून डाळिंबाचे दाणे भरवत, गल्लीतल्या भानगडी सांगत, आणि त्यांच्याच बाथरूममध्ये हातपाय धुऊन घरी येत. मी म्हटलं, "मामा, निदान मास्क लावा, हात धुवा, खाटेवर बसू नका." ते म्हणाले, "दोस्त मरू लागलाय आणि मी खुर्चीवर बसू?"

माणिकरावांना एके दिवशी थंडी वाजून ताप भरला. रक्तात असे जंतू सापडले की ज्यांच्यावर नेहमीची औषधं चालत नाहीत आणि राखून ठेवलेली शेवटची औषधंही चालत नाहीत. माणिकराव गेले. मामांनी खांदा दिला. पुढचे काही दिवस त्यांनी कुठल्याच पेशंटला भेट दिली नाही, इतकं त्यांना लागलं होतं. मग हिमायतनगरात कुणाचंसं मांडीचं हाड मोडलं आणि ते सावरले.

काही महिन्यांनी मामा स्वतःच आजारी पडले. पित्तनलिकेत खडा अडकला होता. डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली असह्य कळ. आम्ही त्यांना आमच्याच दवाखान्यात नेलं. फाटकावरच्या वॉचमनने स्ट्रेचरलाही सलाम केला.

अतिदक्षता विभागात येणाऱ्या प्रत्येकाची आम्ही एक तपासणी करतो. गुदद्वारातून कापसाची काडी फिरवून घ्यायची आणि आतड्यात औषधांना न जुमानणारे जंतू आहेत का ते बघायचं. सिस्टरने मामांना कुशीवर व्हायला सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. तिने सांगितलं. मामांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, दुखतंय इथं," बरगडीवर हात ठेवून ते म्हणाले, "आणि ही पोरगी तिकडं कामून चाललीय? तिला रस्ता दाखवा."

तपासणीत ते जंतू निघाले. मामांच्या आतड्यात. मला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही, पण समाधानही वाटलं नाही. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि समोर हिरवट-पिवळ्या चेहऱ्याचे मामा होते.

मी त्यांना आणि मामींना समजावलं. हे जंतू पोटात आहेत म्हणजे हा आजार नव्हे. आतड्यात आहेत तोवर ते काही करत नाहीत. ज्यांच्या पोटात असतात त्यांतल्या बहुतेकांना पुढे काहीच होत नाही. काहींचे तर काही महिन्यांत आपोआप निघून जातात. पण दवाखान्यात नळ्या घालतात, सुया टोचतात, ऑपरेशन करतात. तिथून ते रक्तात शिरले तर अवघड, कारण मग द्यायला औषधं फार उरत नाहीत. आणि एकाच्या हातून दुसऱ्याच्या खाटेवर जाऊ शकतात, म्हणून मामांना वेगळ्या खोलीत ठेवायचं. आत येणाऱ्याने गाऊन घालायचा, हातमोजे घालायचे, निघताना हात धुवायचे.

"म्हणजे मला बाटवलं म्हणा की," मामा म्हणाले.

"तसं काही नाही, मामा."

"माझ्या दारावर पाटी लावणार?"

"लावणार."

"मंग दुसरं काय असतं बाटवणं म्हणजे?"

आता खरी गंमत सुरू झाली. या माणसाने आख्ख्या शहराला भेटी दिल्या होत्या. कुणाचा अपेंडिक्स, कुणाचं बाळंतपण, कुणाचा मोतीबिंदू. परतफेड म्हणून निम्मं हैदराबाद लोटायला हवं होतं. लोक आले, नाही असं नाही. दारापर्यंत आले. दारावरची पाटी वाचली, टांगलेला पिवळा गाऊन बघितला, काचेतून हात जोडले आणि मामींना बाजूला घेऊन विचारलं, "लागतं का हो हे?" एक गृहस्थ, ज्यांच्या हर्नियाला मामा आठवडाभर सोबत होते, लिफ्टमधूनच परत गेले, त्यांनी नंतर फोन करून सांगितलं की पार्किंग मिळालं नाही. महाराष्ट्र मंडळातून फुलांचा गुच्छ आला. अतिदक्षता विभागात फुलं चालत नाहीत, म्हणून तो खाली रिसेप्शनवर राहिला आणि रिसेप्शनिस्टला लवकर बरं वाटण्याच्या शुभेच्छा देत राहिला.

मामा काचेकडे तोंड करून पडलेले असत. कुणी दिसलं की उठून बसायला बघत. मग माणूस निघून जाई.

"बाई," एकदा ते म्हणाले, "ह्या पिवळ्या झग्यात आत यायला लोकांना लाज वाटते का भीती?"

"भीती," मी म्हटलं.

"बरंय. लाज वाटली असती तर वाईट वाटलं असतं."

पित्तनलिकेतला खडा दुर्बिणीने काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा थंडीने कुडकुडायला लागले. रक्तदाब खाली. जंतू रक्तात शिरले होते. पोटात कोणते आहेत हे आधी माहीत असल्यामुळे आमच्या डॉक्टरांनी नेहमीच्या औषधांवर वेळ घालवला नाही. चालण्याची शक्यता असलेलं एक महागडं, जालीम औषध होतं, ते त्याच तासाला सुरू केलं. मूत्रपिंडाला थोडा फटका बसला. तीन-चार दिवस मामी बाहेरच्या बाकावरून हलल्या नाहीत. मी त्यांना जेवायला चला म्हटलं की त्या विचारत, "ते विचारू लागले तर?" मामा त्या वेळी कुणाला काही विचारण्याच्या अवस्थेत नव्हते.

पण वाचले. ताप उतरला, डोळ्यांतला पिवळेपणा गेला, सिस्टरशी वाद घालायला लागले. मी गाऊन घालून आत गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते.

"माणिकरावला हेच झालतं ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ह्याच जातीचे जंतू होते, एवढं ऐकलंय."

"मी त्याला दिले का?"

असल्या प्रश्नावर गुळगुळीत उत्तरं द्यायला आम्हाला शिकवलेलं असतं. मामांना ती चालली नसती. मी म्हटलं, "कळायला मार्ग नाही. तुमच्याकडून त्यांना गेले असतील. त्यांच्याकडून तुम्हाला आले असतील. किंवा दोघांनाही वेगवेगळ्या ठिकाणाहून मिळाले असतील, तुम्ही काय कमी दवाखाने फिरलात? त्यांच्या पोटात तर आधीपासूनही असू शकतील. त्यांच्या अंगात ताकदच उरली नव्हती, मामा."

ते म्हणाले, "म्हणजे एक तर मी त्याला मारलं, नाहीतर जाताना तो मला देऊन गेला." त्यांनी पाठीमागची उशी सारखी केली. "शाळेपासून त्यानं मला एक चहा पाजला नाही बाई. देऊन देऊन हे दिलं."

आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, आणि खोकल्यानंतर डोळे पुसायला त्यांनी जो टॉवेल तोंडावर घेतला, तो बराच वेळ काढला नाही.

घरी आल्यावर मामांनी बिस्किटांचा डबा माझ्या हवाली केला आणि हात धुण्याच्या विषयात ते असह्य झाले. नव्याने दीक्षा घेतलेल्या माणसाइतका त्रास जुना साधूसुद्धा देत नाही. दूधवाला, प्लंबर, देवळातला पुजारी, सगळ्यांना ते तिन्ही भाषांत सांगत, "हात धुवा. हात धो लेव. चेतुलु कडुक्कोंडी." तपासणीसाठी दवाखान्यात आले की केसपेपर काढणाऱ्या मुलीला सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "अम्मा, मेरे पेट में वो जंतू हैं, बडेवाले. लिख लेव." रांग आपोआप मागे सरके. आमच्या विभागप्रमुख सर्जनांनी त्यांचं पोट दाबायला हात पुढे केला, तर मामांनी शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "हात?" जे मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते झालं, सर निमूटपणे बेसिनकडे गेले. परत येऊन माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मीच मामांना पढवून आणलं होतं.

पण भेटीला जाणं बंद केलं. अगदी बंद. कुणी भरती झालं की ते फोन करत, चौकशी करत आणि फोन ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहत. मी सांगितलं की हात धुतले, खाटेवर बसलं नाही, पेशंटचा संडास वापरला नाही, तर जायला हरकत नाही. ते "हौ, हौ" म्हणाले आणि गेले नाहीत.

मग माणिकरावांच्या पत्नी, मामांच्या वहिनी, बाथरूममध्ये घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, आमच्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं. मी राउंडला गेले तर त्यांनी मला थांबवलं. "तुम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहता ना? त्यांना म्हणावं, मला भेटायला यायला मुहूर्त लागतो का?"

मी निरोप दिला. मामांनी दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी दुपारी, भेटीच्या वेळेत, वॉचमनला काही न सांगता रांगेतून आले. मला म्हणाले, "तुम्ही बी चला आत. माझं सांगताना चुकलं तर दुरुस्त करा."

ते दारातच उभे राहिले. वहिनींनी खुर्ची दाखवली. ते बसले नाहीत.

"वहिनी, एक सांगायचंय. मी आजारी होतो तेव्हा माझ्या पोटात ते जंतू सापडले. माणिकच्या रक्तात होते तसले. मी रोज त्याच्या खाटेवर बसत होतो. ह्या बाई नको म्हणत होत्या. माझ्याकडून त्याला गेले असतील. नसतीलही. कळायला मार्ग नाही, असं ह्या म्हणतात. पण तुम्हाला माहीत असावं."

एवढं सलग आणि एकाच भाषेत बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

मला वाटलं, आता वहिनी रडतील, किंवा जा म्हणतील. दोन्हींचा त्यांना हक्क होता. मग त्यांनी मला विचारलं, "हे आले नसते तर ते जगले असते का?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"मग मला जे सांगता येतं ते सांगते. हे आले नसते तर त्या खोलीत ते कुणाशीच बोलले नसते. माझ्याशी सुद्धा नाही. माझ्याशी बोलायला लागले की त्यांना रडू यायचं." मग त्या मामांकडे वळल्या. "आता तुम्ही हे माझ्या सुनेलाही सांगा. ती तेवढीच यायची बंद होईल. तेव्हा ट्रॅफिक होता, आता रोज येते आणि फोनवर बोलत बसते."

मामांना हसावं की नाही ते कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बेसिनकडे बोट दाखवलं.

त्यांनी हात धुतले. बोटांच्या मधे, नखांच्या खाली, मनगटापर्यंत. पाणी इतका वेळ वाहत राहिलं की नळ उघडा राहिला की काय म्हणून सिस्टर डोकावून गेली. मग ते आले, खुर्ची खाटेपासून जरा लांब ओढली आणि बसले. बाहेरून ट्रॉलीचा आवाज गेला.

"सांगा आता," वहिनी म्हणाल्या. "गौलीगुड्यात काय चाललंय?"

मामांनी घसा खाकरला. "त्या कोपऱ्यावरच्या सोनाराचा पोरगा," ते म्हणाले, "पळून गेला."

"कुणाबरोबर?"

"तीच तर गंमत आहे. एकटाच."